वाचक विचारतात: शिंपल्यांचा थर, कार्बनचे घड्याळ आणि खरी साक्ष

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतात: उत्पत्तीच्या पुस्तकातली निर्मिती आणि विज्ञानाचे शोध यांचा मेळ कसा घालायचा? जग परमेश्वराने निर्माण केले असे आम्ही मानतो. म्हणूनच त्याच्या बाजूने दिलेली साक्ष कच्ची असू नये, असा आमचा आग्रह आहे. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा खडक, हाडे आणि तारे यांच्याबद्दल बोलतानाही पाळायची असते.

प्रश्न: गोव्यातल्या दिवाडी बेटावर आमच्या बागायतीत विहीर खणताना सुमारे दोन मीटर खाली शिंपल्यांचा हातभर जाड थर लागला. समुद्र तर इथून लांब आहे. हा नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा धरता येईल का? धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना दाखवायचा विचार आहे.

मुलांना जरूर दाखवा. पण ‘हा जलप्रलय’ अशी पाटी लावण्याआधी थर नीट वाचा.

पहिली गोष्ट, दिवाडीपासून समुद्र लांब नाही. मांडवी नदीतून भरतीचे खारे पाणी आजही बेटाच्या बांधांपर्यंत येते आणि मानशीची (बांधातल्या झडपेची) दारे ते अडवण्यासाठीच असतात. त्याहून मागे गेलो तर चित्र आणखी मोठे होते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरातला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळत गेला तसा तो चढला आणि सुमारे ७,००० ते ६,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ येऊन ठेपला. मांडवी आणि जुवारीची रुंद मुखे म्हणजे चढत्या समुद्राने भरलेली जुनी नदीखोरीच. अशा जागी दोन मीटर खाली शिंपले सापडणे अपेक्षितच आहे.

आता थर कोणी घातला ते पाहू. विहिरीची एक बाजू खरवडून सरळ करा, टेप लावून फोटो काढा, थराचा माथा आणि तळ जमिनीपासून किती खाली आहे ते लिहा. मग शिंपले हातात घ्यायच्या आधी ते मातीत कसे बसलेत ते बघा. खुब्यांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, दोन्ही झडपा जुळलेल्या असतील आणि भोवती काळसर चिखल असेल, तर ते प्राणी तिथेच जगले आणि तिथेच मेले. झडपा सुट्या, फुगीर बाजू वर, आकारानुसार निवडल्यासारख्या आणि वाळूत मिसळलेल्या असतील, तर वाहत्या पाण्याने त्या आणून टाकल्या. आणि सगळे शिंपले खाण्याजोग्या मोठ्या आकाराचे, मध्ये कोळसा, माशांचे काटे, खापऱ्या, असे असेल तर तो माणसांनी टाकलेला ढीग आहे. राख आणि पांढरी भुकटी फार असेल तर चुन्याची जुनी भट्टीही असू शकते. खापऱ्या दिसल्या तर खणणे थांबवून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. एकदा ढवळलेला थर पुन्हा वाचता येत नाही.

कालवे (ऑयस्टर) दिसली तर विशेष लक्ष द्या. कालव कठीण वस्तूला चिकटून वाढते, आणि ते मेले की त्याच्या कवचावर पुढची पिढी चिकटते. कालवांवर कालवे असा थर असेल, किंवा कवचाच्या आतल्या बाजूला समुद्री किड्यांच्या चुनकळी नळ्या असतील (म्हणजे प्राणी मेल्यावर कवच बराच काळ उघडे पडले होते), तर तिथे बऱ्याच पिढ्या शांतपणे होऊन गेल्या. उत्पत्ती ७:११ पासून ८:१४ पर्यंतच्या तारखा मोजल्या तर जलप्रलय सुमारे एक वर्ष चालला. खवळलेल्या एका वर्षात असा थर बसत नाही. पवित्र शास्त्र मानणाऱ्या माणसाने हा हिशेब स्वतः करावा, दुसऱ्याने करून दाखवायची वाट पाहू नये.

उंची मोजायला मोबाइलचा जीपीएस वापरू नका, उंचीत त्याची चूक अनेक मीटरची असते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि थराची पातळी जवळच्या बांधावरच्या भरतीच्या रेषेशी ताडून पाहा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून आधी दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी समपातळीत येते का ते बघा.

कार्बन-१४ पद्धतीने (ती कशी चालते ते पुढच्या उत्तरात आहे) वय काढायचे असेल तर एकाच खोलीवरचे तीन-चार अख्खे शिंपले घ्या, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि चिठ्ठी पिशवीच्या बाहेर लावा. कापूस नको, साबण नको: दोन्हींतून आजचा कार्बन नमुन्यात शिरतो. शिंपल्यात वजनाने १२ टक्के कार्बन असतो आणि आजच्या यंत्रांना सुमारे १ मिलीग्रॅम कार्बन पुरतो, म्हणजे नऊ-दहा मिलीग्रॅम शिंपलाही चालेल. तरी अख्खा पाठवा, कारण प्रयोगशाळा वरचा थर आम्लाने काढून टाकते. खुबे आणि तिसऱ्या (हेही शिंपलेच) यांचे कवच मुळात अॅरागोनाइट या खनिजाचे असते. ते कॅल्साइट झालेले आढळले तर नंतरच्या पाण्याने त्यात नवा कार्बन भरला असे समजावे, आणि तो नमुना बाद करावा. उत्तर हाती आल्यावर समुद्री दुरुस्ती लावली आहे का हे आवर्जून विचारा. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असल्याने दुरुस्तीवाचून शिंपला सरासरी ४०० वर्षांनी म्हातारा दिसतो.

नोहाच्या कथेवरचा विश्वास या विहिरीत खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. वर्गात इतके प्रामाणिकपणे सांगितले तर मुलांना थरही समजेल आणि कथाही.

प्रश्न: जिवंत गोगलगायीचे वय कार्बनने हजारो वर्षे निघाले, तसेच कोळशात आणि हिऱ्यातही कार्बन-१४ सापडला, असे एका प्रवचनात ऐकले. मग ही पद्धत फोल नाही का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनवर न्यूट्रॉन आदळून कार्बन-१४ तयार होतो. झाडे तो हवेतून घेतात, प्राणी झाडांतून. मरणानंतर भरणा थांबतो आणि दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातला निम्मा नाहीसा होतो. या हिशेबाची अट एकच: प्राण्याने कार्बन हवेतून, म्हणजे अन्नसाखळीतून घेतलेला हवा. चुनखडीच्या भागातली गोगलगाय आपल्या कवचासाठी खडकातला कार्बन वापरते, आणि त्या खडकातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. कवच म्हातारे दिसते ते त्यामुळे. हा दोष वैज्ञानिकांनीच १९६३ मध्ये छापून जाहीर केला. तेव्हापासून गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांकडे प्रयोगशाळा सावधपणे बघतात.

कोळसा आणि हिऱ्याचे उत्तर प्रमाणात आहे. ताज्या कार्बनमध्येही कार्बन-१४ चे प्रमाण सुमारे एक लाख कोटींत एक असते. पूर्ण ‘मेलेल्या’ नमुन्यात हाताळताना, जाळताना किंवा यंत्रातूनच १ टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय सुमारे ३७,००० वर्षे दिसते, आणि ०.१ टक्का मिसळला तर सुमारे ५५,०००. म्हणून सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे ही पद्धत वापरतच नाहीत. कोळशाचे वय ५०,००० वर्षे आले याचा अर्थ ‘यंत्राचे टोक गाठले’ एवढाच. जगाच्या वयाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. कार्बनने पृथ्वीचे वय काढले असे कोणी शिक्षक म्हणाले तर तेही चूक आहे. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत. त्यांचे वय थेट कार्बनने काढता येत नाही, कारण दगडात मोजण्याजोगा सजीव कार्बन नाही. जांभ्याचे वय काढले तरी ते कोरीव कामाचे वय ठरणार नाही. अशा चित्रांचे वय शैलीवरून आणि आसपासच्या वस्तूंवरून अंदाजाने सांगितले जाते. तिथे कोणी ठाम आकडा सांगितला तर ‘कशावरून’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न: अमेरिकेत १९८० मध्ये फुटलेल्या माउंट सेंट हेलेन्सच्या लाव्ह्याचे वय साडेतीन लाख वर्षे निघाले. मग आमच्या अनमोड घाटातल्या दगडांना तीनशे कोटी वर्षांचे का मानायचे?

तो नमुना पोटॅशियम-आर्गन पद्धतीने मोजला होता: दगडातल्या पोटॅशियम-४० पासून हळूहळू आर्गन वायू तयार होतो, तो मोजून वय काढतात. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या दगडात तयार झालेला आर्गन मोजता येण्याइतका असतच नाही. त्या प्रयोगशाळेनेच वीस लाख वर्षांहून तरुण नमुना आपल्या यंत्राने नीट मोजता येत नाही असे सांगितले होते. त्यातच लाव्ह्याबरोबर जमिनीखालचे जुने स्फटिक वर येतात, आणि त्यांतला जुना आर्गन मिसळला की वय फुगते. सोन्याचा कण वखारीच्या काट्यावर तोलला तर चूक काट्याची म्हणता येणार नाही.

काळजीपूर्वक केलेल्या मोजणीचेही उदाहरण आहे, आणि ते आपल्या सभांत क्वचितच ऐकू येते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटल्याची लेखी नोंद आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आर्गन-आर्गन या सुधारित पद्धतीने त्या दगडाचे वय १,९२५ वर्षे आले, ९४ वर्षे इकडे-तिकडे. खरे वय होते १,९१८.

घाटातल्या पट्टिताश्मासारख्या (पट्टेदार खडकासारख्या) फार जुन्या खडकांसाठी आज सर्वांत भरवशाचे मानतात ते झिरकॉन. हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिसे जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवतो. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी, आणि दोघांतून शिशाचे वेगवेगळे प्रकार तयार होतात. म्हणजे एकाच दाण्यात दोन घड्याळे. ती जुळली तर वय धरायचे, नाही जुळली तर दाणा तापला किंवा शिसे निसटले असे समजायचे. शंका घ्यायचीच असेल तर या जुळण्यावर घ्या. पण हजारो दाण्यांत ही दोन घड्याळे एकाच वेळी एकाच प्रमाणात कशी चुकली, हेही मग सांगावे लागेल.

प्रश्न: जग ६,००० वर्षांचे आहे असे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?

कुठेच नाही. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितातून इ.स.पू. ४००४ हे साल आले. वंशावळीतली वये जोडायची, अशी ती पद्धत. तुम्हीही करून बघा: उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात मुलगा झाला तेव्हा बापाचे वय किती ते लिहा. १३०, १०५, ९०, ७०, ६५, १६२, ६५, १८७, १८२, आणि शेवटी जलप्रलयाच्या वेळी नोहाचे ६००. बेरीज १,६५६. हा मसोरेटिक या हिब्रू पाठाचा आकडा. जुन्या ग्रीक पाठात हीच बेरीज २,२६२ येते, त्याच्याच काही प्रतींत २,२४२, आणि शोमरोनी पाठात १,३०७. २,२४२ चा पाठ धरला तर नोहाचा आजोबा मथुशलह जलप्रलयानंतर १४ वर्षे जगतो, आणि तारवात तर तो नव्हता. शिवाय वंशावळी पिढ्या गाळतात हे मत्तय १:८ मध्ये उघड दिसते: योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे तिथे नाहीत.

युरोपातल्या ओक आणि पाइन झाडांची वलये एकमेकांशी जुळवून १२,००० वर्षांहून मागे सलग मोजता आली आहेत. ग्रीनलंडच्या बर्फातले वार्षिक थर त्याहूनही मागे जातात. अशा बर्फाचे गाभे कसे जपतात ते दूर जाऊन बघायला नको: वास्कोत हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातले गाभे उणे २० अंशांत ठेवलेले आहेत. कॅथॉलिक वाचकांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला परिच्छेद २८३ काढून वाचावा. विश्वाचे वय आणि विस्तार यांबद्दलच्या संशोधनाने आपले ज्ञान समृद्ध केले असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत यावर मतभेद आहेत. सहा दिवस अक्षरशः मानणाऱ्या बंधूंचा आम्ही मान राखतो, पण ६,००० हा आकडा पवित्र शास्त्रातला म्हणून सांगू नये.

प्रश्न: नासाच्या संगणकाला यहोशवाचा (सूर्य थांबला तो) ‘हरवलेला दिवस’ सापडला, चंद्र खूप जुना असता तर त्यावर धुळीचा जाड थर असता, मरताना डार्विनचा पश्चात्ताप: हे संदेश आमच्या गटात सतत फिरतात. काय उत्तर द्यावे?

तिन्ही पुढे पाठवू नका. संगणकाला मागचा हरवलेला दिवस सापडूच शकत नाही, कारण त्याआधीची सूर्याची नेमकी जागा स्वतंत्रपणे माहीत असल्याशिवाय वजाबाकी कशातून करणार? चंद्राच्या धुळीचा आकडा १९६० च्या एका अंदाजावर उभा होता. वर्षाला पृथ्वीवर सुमारे १ कोटी ४० लाख टन धूळ पडते असे त्यात धरले होते. अवकाशात प्रत्यक्ष मोजल्यावर आकडा हजारो टनांच्या घरात आला. डार्विन १८८२ मध्ये वारले. पश्चात्तापाची कथा १९१५ मध्ये छापून आली, आणि त्यांच्या मुलीने १९२२ मध्ये ती जाहीरपणे नाकारली. हे तिन्ही युक्तिवाद वापरू नका असे मोठ्या सृष्टिवादी संस्थांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. गटात तेवढे सांगितले तरी पुरे.

प्रश्न: डायनासोरच्या हाडात मऊ ऊती सापडल्या. तरीही ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे?

मेरी श्वाइट्झर यांनी २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. टी-रेक्सच्या मांडीच्या हाडातले खनिज रसायनाने हळूहळू विरघळवल्यावर लवचीक तंतू आणि नळ्या उरल्या. हाड सुमारे ६ कोटी ८० लाख वर्षांचे. श्वाइट्झर स्वतः ख्रिस्ती आहेत आणि वयाबद्दल त्यांना शंका नाही. ‘ताजे मांस’ हा शब्द संदेशात असेल तर तो चूक आहे. खनिज काढल्यावरच ते मऊ झाले, आणि मूळ प्रथिनांचे किती अंश खरोखर शिल्लक आहेत यावर वाद चालू आहे. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने शहामृगाच्या रक्तवाहिन्या फुटलेल्या तांबड्या पेशींच्या द्रावात ठेवल्या. त्या साध्या तापमानाला दोन वर्षे टिकल्या, नुसत्या पाण्यातल्या काही दिवसांत कुजल्या. रक्तातले लोह ऊतींना टिकवते असे त्यावरून दिसते. दोन वर्षे म्हणजे कोट्यवधी नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. ऊती इतका काळ कशा टिकल्या याचे पुरे उत्तर अजून मिळालेले नाही. पण हाडाचे वय ऊतींवरून नव्हे, थरांतल्या ज्वालामुखी राखेवरून ठरते. म्हणून एका कोड्याने दुसरी मोजणी रद्द होत नाही.

प्रश्न: मग निर्माणकर्त्यावर विश्वास ठेवणाऱ्याने अभिमानाने सांगावा असा शोध कोणता?

खूप आहेत, आणि त्यांसाठी कोणतेही सत्य वाकवावे लागत नाही. खडकाचे थर खालून वर वाचायचा नियम १६६९ मध्ये निकोलस स्टेनो यांनी मांडला. पुढे ते बिशप झाले. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम काढणारे मेंडेल मठवासी होते. विश्व प्रसरण पावते आणि एका आदिबिंदूपासून सुरू झाले असे मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथॉलिक पाद्री होते. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये या सिद्धांताला निर्मितीच्या साक्षीसारखे मांडले, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. देवाला एका सिद्धांताला बांधले तर सिद्धांत बदलल्यावर काय, ही त्यांची काळजी होती. विश्वाच्या आरंभीच्या काळातले विद्युतचुंबकीय अवशेष-प्रारण, म्हणजे या सिद्धांताचा मोठा पुरावा, १९६५ मध्ये जाहीर झाले, आणि १९६६ मध्ये मृत्यूपूर्वी ही बातमी त्यांच्या कानावर गेली.

आम्हाला स्वतःला सर्वांत थक्क करते ती कार्बनची एक पातळी. ताऱ्यात तीन हेलियम जुळून कार्बन बनतो, पण कार्बनच्या अणुकेंद्रात सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जापातळी नसती तर तो फारच थोडा बनला असता. ही पातळी असलीच पाहिजे असे फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये आधी सांगितले आणि प्रयोगात ती सापडली. हॉइल ख्रिस्ती नव्हते. यातून देव सिद्ध होतो असे आम्ही म्हणत नाही. ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ हे स्तोत्र १९ म्हणताना मात्र आमच्या डोळ्यांपुढे ही पातळी असते.

प्रश्न: मुलगी बारावी विज्ञानला आहे. उत्क्रांतीवरच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना ‘मी खोटे लिहिते आहे का’ असे तिला वाटते.

ती खोटे लिहीत नाही. प्रश्न ‘जीवशास्त्राचे स्पष्टीकरण द्या’ असा असतो, आणि तिने तेच पूर्ण द्यावे: विविधता, आनुवंशिकता, निवड, आणि प्रत्येकाला एक उदाहरण. ‘माणूस माकडापासून झाला’ असे लिहू नये, गुण जातात. माणूस आणि आजची वानरे यांचे पूर्वज समान होते असे लिहावे. ‘उत्क्रांती फक्त एक सिद्धांत आहे’ हेही नको. विज्ञानात सिद्धांत म्हणजे कच्चा तर्क नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक आहे असे म्हटले, आणि त्याच वेळी माणसाचा आत्मा जड द्रव्यातून उगवत नाही हेही ठामपणे सांगितले. दुसऱ्या वाक्याबद्दल जीवशास्त्राचा पेपर काही विचारत नाही. त्याबद्दल तिच्याशी घरी, तिला हवा तितका वेळ देऊन बोला. आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर दोघींनी मिळून शोधा.